खाल्ल्या मिठाला

ब्लॅकबर्नच्या आमच्या चढाच्या गल्लीत
बर्फ पडायचा तो रात्री, आवाज न करता.
फजरच्या आधी अब्बा उठत.
कोळशाचं जुनं फावडं, मिठाची पिशवी,
आणि आमची पायरी सोडून आधी
समोरची, सत्तावीस नंबरची.

आम्हाला वाटायचं, शेजारधर्म.
मशिदीत नाव निघे, पेवेकर भला माणूस.
अब्बा तेव्हा बुटांकडे बघत.

आता हॉस्पिसच्या खाटेवर
बाणकोटच्या खाडीला ओहोटी लागावी तसा श्वास.
गाळ उघडा पडलाय, होड्या कलंडल्यात,
मध्येच एक लाट येऊन सांगते, अजून आहे.
इमाम म्हणाले, केलेली चांगली कामं आठव, दाऊदभाई,
रब रहीम आहे.
अब्बांनी मान हलवली. नाही.

सगळे गेल्यावर मला म्हणाले,
"शमीम, चाळीस पाउंड.
एकोणसत्तर साली आई गेल्याची तार आली,
गिरणीतल्या हॅरल्डने दिले. लिहून नाही घेतलं.
परत आलो तर तो मातीत.
बाईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
आधी नव्हते म्हणून. मग होते,
पण इतकी वर्षं गप्प का, हे कोणत्या तोंडाने?
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
मी ते पायरीवर सांडत राहिलो.
नेकीत धरू नको, पोरी.
व्याज हराम, आणि मुद्दल तसंच."

पाकिटात विसाच्या दोन नोटा घालून
मी सत्तावीसची बेल वाजवली.
डोरीनबाई नव्वदीच्या, कानात यंत्र,
दोनदा सांगावं लागलं.
म्हणजे अब्बांनी जन्मभर झाकलेलं
मी भर गल्लीत ओरडून सांगितलं.

त्या हसल्या नाहीत.
"ते होय? हॅरल्डने दिले त्याच रात्री
जेवताना मला बजावलं होतं,
आले तर आले, तू मागायचं नाहीस,
पोराची आई गेलीय.
आमच्या घरात ते कर्ज नव्हतंच कधी."
मग चौकटीला धरून, जरा थांबून,
"मिठाचं ठाऊक होतं. फावडं ऐकू यायचं.
मी पडदा सरकवत नसे.
वाटायचं, बघितलं तर लाजेल, पुन्हा येणार नाही."

मी पाकीट मागे घ्यायला हात पुढे केला.
त्यांनी ते एप्रनच्या खिशात टाकलं.
"त्याला सांग," म्हणाल्या, "पोचले."

उताराच्या बसमध्ये मी हिशेब मांडत होते.
माफी आधीची, चूक नंतरची,
हे कुठल्या वहीत बसतं?
पन्नासेक हिवाळे एक माणूस
फिटलेलं फेडत होता
आणि पडद्याआड कुणी जागं राहून
न बघण्याची काळजी घेत होतं.

अब्बांच्या कानाशी दोन्ही सांगितलं.
आधी, पोचले.
मग, त्याच रात्री माफ होतं.
डोळे मिटलेले. ओठ हलले,
मला वाटलं कलमा. वाकले.
"मग... ते मीठ?"

मला उत्तर सुचलं नाही.
त्यांचे ओठ थांबले तिथून पुढे
कलमा मीच म्हणत राहिले,
नर्स दारात येऊन उभी राहीपर्यंत.

दफन गुरुवारी. माती दगडासारखी,
यंत्राने खणावी लागली.
शनिवारी पहाटे, अंधारातच,
आमच्या पायरीवर फावडं घासल्याचा आवाज आला,
मग मूठभर काहीतरी पसरल्याचा.
माझा हात पडद्याकडे गेला
आणि तिथेच राहिला.